हात लागलेल्या पापड्या

पनवेलजवळच्या नावड्यात मढव्यांच्या घरी वाद घालायला कोणी सहसा धजत नसे, कारण तिथे सुचिता होती. खारघरच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये ती तर्कक्षमता शिकवायची आणि तिचा तर्कदोषांवरचा धडा ऐकायला दुसऱ्या बॅचची मुलंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसायची. फळ्यावर ती पुढाऱ्यांची भाषणं लिही, जाहिराती लिही, घराघरातल्या आयांची वाक्यं लिही, आणि एकेकाची सालं काढी. मुलं हसून हसून बेजार होत. घरीही तिची हीच तऱ्हा. तिच्या लग्नाचा विषय तिने असाच निकालात काढला होता. शेजारच्या सगळ्या पोरींची झाली म्हणून माझंही व्हायला हवं, हा बहुमताचा दोष आहे, असं तिने आईला सुनावलं तेव्हा पुतळाबाई म्हणाली, "तुज्या त्या दोषाला कोनी नवरा देनार नाय," आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

घर म्हणजे आता चार मजली इमारत होती. सुचिताचे वडील नामा मढवी यांची भातजमीन प्रकल्पात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला आणि शेतकऱ्याचा घरमालक झाला. तळमजल्यावर हे तिघं, आणि वरच्या खोल्यांत भाडेकरू: तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार, दोन नर्सबाया, पहिल्या मजल्यावर फौजदाराच्या परीक्षेची तयारी करणारी वाशिमची संघप्रिया, जी सुचिताच्याच क्लासला होती, आणि दुसऱ्या मजल्यावर एस्थर.

एस्थर आफ्रिकेतल्या मलावीची. जवळच्याच एका कॉलेजात औषधनिर्माण शास्त्र शिकत होती. खोली शोधताना तिने सगळं खारघर पालथं घातलं होतं. कुठे फक्त शाकाहारी, कुठे फक्त फॅमिली, कुठे खोली सकाळी रिकामी असायची आणि तिला बघितल्यावर भरलेली असायची. क्लासच्या खाली असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात ती रडकुंडीला येऊन उभी होती, तिथून सुचिता तिला हाताला धरून घरी घेऊन आली. ही गोष्ट खरी होती. सुचिता ती नव्या ओळखीच्या माणसांना सांगायची, आणि जरा जास्तच वेळा सांगायची.

एस्थर घरात मिसळली. पुतळाबाईला ती आये म्हणायची. जिन्यातून ओरडायची, "आये, पानी आला," तेही असं पक्कं गावच्या सुरात की नामा पोट धरून हसायचे. संध्याकाळी ती आणि सुचिता हिंदी-इंग्रजीची खिचडी करत गप्पा मारत बसायच्या. जूनमध्ये तिची धाकटी बहीण थोको नर्सिंग शिकायला येणार होती, अठरा वर्षांची, पहिल्यांदा देशाबाहेर पडणारी. तिलाही याच खोलीत ठेवायचं एस्थरने ठरवलं होतं. "मला सवय झालीय लोकांच्या बघण्याची," ती एकदा म्हणाली होती. "तिला नाही. तुझ्या भरवशावर आणतेय तिला."

"आण," सुचिता म्हणाली होती. "इथे तिला कोणी काही म्हणणार नाही."

मे महिन्यात पुतळाबाईच्या तांदळाच्या पापड्या असायच्या. गल्लीतल्या बाया एकमेकींकडे पाळीपाळीने जात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, पीठ पळीपळीने घालून वाफवायचं आणि पापड्या गच्चीवर जुन्या लुगड्यांवर वाळत टाकायच्या. त्यांचे नियम कडक. अडचण असलेल्या बाईने गच्चीची पायरी चढायची नाही, बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय यायचं नाही. सुचितालाही दर महिन्याचे ते दिवस असले की खालीच बसवून ठेवत, आणि यावर तिने घातलेला वाद हा तिच्या आयुष्यात हरलेल्या मोजक्या वादांपैकी एक होता.

त्या दुपारी दोन लुगडी भरून पापड्या वर होत्या आणि बाया जेवून आडव्या झाल्या होत्या. अचानक वावटळ उठली. तळोज्याच्या रस्त्याची सगळी धूळ जणू गावावर चालून आली. एस्थर खोलीत अभ्यास करत होती, तिला गच्चीवरचे पत्रे वाजलेले ऐकू आले आणि ती धावली. मागोमाग शेजारची गोजरा धावली. एस्थरने एका लुगड्यावरच्या पापड्या आपल्या चादरीत गोळा केल्या, गोजराने दुसऱ्या लुगड्याचं तसंच गाठोडं बांधलं. काही उडाल्या, बहुतेक वाचल्या. पुतळाबाई धापा टाकत वर पोचली तेव्हा दोघी जिन्यात गाठोडी मांडीवर घेऊन हसत बसल्या होत्या. पुतळाबाईने एस्थरच्या तोंडावरून हात फिरवला. "बयो, माजी मेहनत वाचवलीस," म्हणाली. सगळ्यांचा चहा झाला.

संध्याकाळी सुचिता दुसऱ्या दिवशीच्या सराव परीक्षेचा पेपर काढत होती. पुतळाबाईने एस्थरच्या चादरीचं गाठोडं तिच्यासमोर आणून ठेवलं. गोजराच्या पापड्या तिने निवडून, पुसून पत्र्याच्या डब्यात भरल्या होत्या.

"ह्या मागं टाकून ये."

सुचिताने वर बघितलं. पुतळाबाईने नजर दुसरीकडे नेली. "तिचे हात लागले. कोन खाल आता? गोजरानं बघितलाय, ती चार घरी सांगल."

"आये, काहीतरीच तुझं," सुचिता म्हणाली. एवढंच म्हणाली. पेपर अर्धा राहिला होता, आईशी वाद म्हणजे रात्र गेली, आणि पापड्या काय, पापड्याच. तिने गाठोडं उचललं, इमारतीच्या मागे गटारापलीकडच्या उकिरड्यावर रिकामं केलं आणि कोंबड्या धावून आल्या ते बघत क्षणभर उभी राहिली. मग चादर झटकली, घडी केली आणि वर जाऊन एस्थरला दिली. "आईने थँक्यू सांगितलंय," म्हणाली. हे वाक्य तिला कोणी सांगायला लावलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर नेहमीची बैठक बसली होती. नामा खुर्चीवर, पुतळाबाई आणि गोजरा लसूण सोलत, संघप्रिया पायरीवर पुस्तक घेऊन. सुचिता नुकतीच क्लासवरून आली होती. एस्थर खाली आली आणि बसली नाही.

"आये," ती हिंदीत म्हणाली, "मी आणलेल्या पापड्या मागे कचऱ्यात आहेत. का?"

पुतळाबाईचा हात थांबला. "धूल बसली व्हती बयो त्यांच्यावर. वाऱ्याची."

"गोजरामावशीच्या पण त्याच वाऱ्यात होत्या."

गोजराने लसणात डोकं घातलं.

"मी हात लावला म्हणून टाकल्या?" एस्थरचा आवाज चढला नव्हता. "खरं सांगा. कॉलेजात माझ्या बाजूच्या बाकावर कोणी बसत नाही. रिक्षावाले थांबत नाहीत. बाजारात लोक न विचारता फोटो काढतात. सगळीकडे तेच. मला वाटलं होतं, हे घर वेगळं आहे. तुम्ही सगळे सारखेच आहात. हा रेसिझम आहे."

शेवटचा शब्द पुतळाबाईला कळला नाही, पण त्याचा वार कळला. नामांना तो बातम्यांमुळे माहीत होता. ते खुर्चीत सरळ झाले. "कोनी खोली देत नव्हता तवा आमी दिली," ते म्हणाले, "आनि आमीच वाईट?" आणि दोघंही सुचिताकडे बघू लागले, घरात साप निघाल्यावर काठी असलेल्या माणसाकडे बघतात तसे.

सुचिताला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक, एस्थरचं म्हणणं खरं आहे. दोन, एस्थरचा युक्तिवाद ढिसाळ आहे. यातली कुठली धरायची हे तिने ठरवलं असं म्हणता येणार नाही. जीभ वळली ती सवयीने वळली.

"एस्थर, शांत हो. आपण एकेक मुद्दा घेऊ," ती म्हणाली, आणि हा तिचा फळ्यापाशी उभं राहतानाचा आवाज होता. "तू हात लावलास, नंतर पापड्या टाकल्या गेल्या. नंतर झालं म्हणजे त्यामुळे झालं, असं होत नाही. बरोबर?"

उत्तराची वाट न बघता सुचिताने दुसरं बोट दुमडलं.

"दुसरं, रिक्षावाला, कॉलेज, बाजार. ती माणसं वेगळी, आम्ही वेगळे. त्यांचं माप आम्हाला का? तू म्हणालीस, तुम्ही सगळे सारखेच. हे वाक्य कोणी तुझ्या लोकांबद्दल म्हटलं तर तू त्याला काय म्हणशील?"

"मी..."

"थांब, होऊ दे माझं. तिसरं, आईला मनात काही असतं तर तिने तुला खोली दिली असती का? चौथं, आम्ही कोणते गोरे आहोत? पनवेलच्या शाळेत मला काळी आगरीण म्हणून चिडवायचे. जे आम्ही भोगलं ते आम्ही दुसऱ्याला कसं करू? आणि पापड्यांचं म्हणशील तर आई मलासुद्धा महिन्यातले चार दिवस गच्चीवर येऊ देत नाही. मग ती माझ्याशीही रेसिझम करते का?"

गोजरा फिस्सकन हसली. नामांनी मान डोलावली. मुद्दे कसे एकामागून एक आले, स्वच्छ, धारदार. खरं म्हणजे त्यातला खोलीचा मुद्दा, काळेपणाचा मुद्दा आणि शेवटचा मुद्दा हे तिन्ही तिने वर्गात कितीदा फाडून खाल्ले होते. एकदा चांगलं वागलं म्हणून दुसरं वागणं धुऊन निघत नाही, ज्याच्यावर अन्याय झाला तो अन्याय करतच नाही असं नाही, आणि एका जुन्या खोडीने दुसरी खोड झाकली जात नाही. हे सगळं तिला पाठ होतं, आणि तिच्या जिभेने ते सरळ दुसऱ्या बाजूने वापरलं.

एस्थर जिन्याकडे वळली. "तू खूप बोललीस," ती म्हणाली. "मला तुझ्याइतकं बोलता येत नाही. मी एकच विचारलं होतं." आणि ती जिना चढून वर गेली.

"बरा गप केलीस," नामा म्हणाले. पुतळाबाईने लसूण सोलायला घेतला, जरा भरभर. पायरीवरची संघप्रिया पुस्तक मिटून उठली. "येते मॅडम," एवढंच म्हणाली. ती रोज जाताना काहीतरी शंका विचारून जायची. आज विचारली नाही.

शंका तिने दुसऱ्या दिवशी वर्गात विचारली. धडा तर्कदोषांचाच चालला होता. एका मुलाने वादात समोरच्याचे तीन दोष काढून दाखवले होते आणि वर्ग टाळ्या वाजवत होता. संघप्रिया उभी राहिली.

"मॅडम, समोरच्याचा युक्तिवाद चुकीचा निघाला, तर तो जे म्हणतोय ते खोटं ठरतं का?"

हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचं आणि सुचिताकडे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. ती ते द्यायला लागलीसुद्धा. "नाही ठरत. हाही एक दोषच, आणि हुशार माणसं हमखास यात अडकतात. समजा, लहान पोर म्हणालं, पलंगाखाली साप आहे, कारण मला तसं स्वप्न पडलं. स्वप्न हा पुरावा नाही. पोराचा तर्क चुकला. पण म्हणून पलंगाखाली साप नाही, असं सिद्ध झालं का? वाकून बघावं लागेल."

"आणि ज्याने आधीच वाकून बघितलंय," संघप्रिया म्हणाली, "त्याने काय करायचं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती वाशिमकडच्या ज्या गावातून आली होती, तिथे तिच्या आजीने पिण्याच्या पाण्यासाठी दुसऱ्याने ओंजळीत वरून ओतण्याची वाट बघितली होती. कोणाचा हात लागला म्हणून काय फेकलं जातं, हे तिला कुठल्या धड्यातून शिकायचं नव्हतं. ती फक्त मॅडमकडे बघत उभी होती, मॅडमना याचं उत्तर येत असेल अशा अगदी मनापासूनच्या भरवशाने.

सुचिताला शरम वाटली. अशी की कानशिलं तापली आणि हातातला खडू ठेवायला टेबलावर जागा सापडेना. हजार पोरांना तिने शिकवलं होतं की तर्क हा दिवा आहे, आणि काल तिने तो दिवा विझवून काठीसारखा वापरला. तेही अशा मुलीवर, जिने परक्या गच्चीवर परक्यांच्या पापड्या वाचवल्या होत्या. "त्याने खरं सांगायचं," ती पुटपुटली. मागच्या बाकांवर ते ऐकू गेलं नाही. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, पुन्हा सांगा," तेव्हा तिने वर्ग लवकर सोडला.

घरी पुतळाबाई एकटीच होती. सुचिताने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "आये, मी वर जाऊन एस्थरला खरं सांगणार आहे. तू तिचे हात लागले म्हणून पापड्या टाकायला लावल्यास. हे वाईट केलंस तू."

पुतळाबाई चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडली नाही. पदराने हात पुसत ती खाली बसली. "मना कलतंय गो," म्हणाली. "त्या दिसापास्ना माज्या गल्याखाली घास उतरंना. माज्या आयनं शिकवला ते माज्या हातातच बसलाय. पोरगी चांगली हाय, पन हात मागं येतो." मग तिने मान वर केली. "पन मना एक सांग. मी अडानी. तू पोरांना रोज शिकवतंस, का इचारा, का इचारा. मी गाठोरा दिला तवा तू का इचारला नाय? इचारला असतास, त मी परत उचलला असता."

सुचिताकडे कारण होतं ते पेपर अर्धा राहिला होता एवढंच, आणि ते तोंडाबाहेर काढण्याची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. एस्थर टेबलाशी पुस्तकं पसरून बसली होती. सुचिता आली तरी ती उठली नाही, फक्त पेन ठेवलं.

"तू जे विचारलं होतंस," सुचिता म्हणाली. वाक्यं तिने जिन्यात जुळवली होती, पण आता एकही आठवेना. "हो. तुझा हात लागला म्हणूनच. आईने मला सांगितलं आणि मी नेऊन टाकल्या. काल ओट्यावर मला हे सगळं माहीत होतं. तरी मी तुला खोटं पाडलं."

"मला माहीत आहे," एस्थर म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू टाकत होतीस तेव्हा मी मोरीच्या खिडकीत कपडे पिळत होते. तू चादर दोनदा झटकलीस. चांगली झटकलीस. मग घडी केलीस आणि वर येऊन मला थँक्यू म्हणालीस."

सुचिताने चौकटीला हात धरला. "मग विचारलंस कशाला?"

"आयेला मी विचारत नव्हते. तिच्याकडे बघून बोलत होते, एवढंच. आये म्हातारी आहे, तिचं मला समजतं. माझी आजी पण आमच्याकडच्या भारतीय दुकानदारांच्या हातचं खात नव्हती." एस्थर थांबली. तिला हिंदी शब्द शोधावे लागत होते आणि ती ते नीट शोधत होती. "थोकोचा फोन येणार होता. ती विचारते, घर कसं आहे, लोक कसे आहेत. मला तिला सांगायचं होतं की सगळं चांगलं नाही, पण त्या घरात एक माणूस आहे, तिला विचारलं तर ती खरं सांगते. तेवढं पुरलं असतं. फोन करण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून मी खाली आले."

"मग तिला काय सांगितलंस?"

"हॉस्टेल बघ म्हणाले. महाग आहे. पण बघ."

सुचिताच्या डोक्यात कारणं रांग लावून उभी राहिली. आईचं वय, अर्धा राहिलेला पेपर, गोजराची जीभ, वडिलांसमोरची पंचाईत, आणि हेसुद्धा की ती आता स्वतःहून कबूल करायला आली होती. एकेक कारण तोंडापर्यंत यायचं आणि तिथे पोचेपर्यंत त्याचा दोष तिला दिसायचा. नाव, व्याख्या, उदाहरण, सगळं. एकही उरलं नाही.

"थोकोशी मी बोलू का?" तिने शेवटी विचारलं. "मीच सांगते तिला. जसं झालं तसं."

"काय सांगशील? इथे कोणी काही म्हणणार नाही?"

एस्थरने हे कडवटपणाने म्हटलं नव्हतं, तिला खरोखर उत्तर हवं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. सुचिताने नकारार्थी मान हलवली. खालून पुतळाबाईची हाक आली, दोघींना जेवायला, एस्थरचंही नाव घेऊन, आणि पुन्हा एकदा घेऊन. एस्थरने पुस्तक जवळ ओढलं आणि पान उलटलं. रोज दारात पाऊल पडायच्या आत ती बस बस म्हणून खुर्ची रिकामी करायची. आज खुर्चीवर पुस्तकं होती आणि ती तिने उचलली नाहीत. सुचिता चौकटीला धरून उभी राहिली. बसू का, असं विचारायचा तिला धीर झाला नाही.